सागाची विरळणी शिकणाऱ्यांसाठी: पानगळीत मार्किंग करू नका

दापोलीहून वनशास्त्राची पदवी घेऊन पुण्यात आलेल्यांना पहिलं काम बहुधा खासगी सागवनाचं मिळतं. मुळशी, भोर, मावळ, वेल्हे या भागांत शहरातल्या लोकांनी जमिनी घेऊन हौसेनं साग लावलाय. दोन बाय दोन मीटरवर, म्हणजे एकरी हजारभर झाडं. पुढे कुणी त्याकडे बघितलेलं नसतं. मग एक दिवस मालकाचा फोन येतो, "झाडं उंच गेलीत, पण जाड होत नाहीत. कुठलं खत टाकू?" झाडं काढावी लागतील हे त्यांना सांगणं, ही तुमची पहिली परीक्षा.

विरळणीमागचं, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून उरलेल्यांना जागा देण्यामागचं, शास्त्र तुम्हाला माहीत आहे. उंची बरीचशी जमिनीच्या कसावर ठरते, घेर मिळालेल्या जागेवर. पहिल्या विरळणीत एकाआड एक तिरकी ओळ काढली की निम्मी झाडं जातात आणि उरलेल्यांत २.८ मीटरच्या आसपास अंतर राहतं. हे दोरी धरूनही जमतं. दुसऱ्या विरळणीला मात्र प्रत्येक झाडापुढे उभं राहून ठरवावं लागतं, आणि मी फसलो ते तिथेच.

होळीनंतर मजूर मिळतात, रस्ते कोरडे असतात, मालकालाही सुट्टी असते. म्हणून सगळे मार्च-एप्रिलमध्ये मार्किंगला, म्हणजे काढायच्या झाडांवर रंगाची खूण करायला, बोलावतात. पण तेव्हा सागावर पान नसतं. वर बघावं तर सगळीकडे आभाळ, वाटतं जागा भरपूर आहे. मग नजर खोडावर येते. टेप छातीच्या उंचीला, १.३७ मीटरवर, लावायचा, बारीक ते काढायचं, जाड ते ठेवायचं. कागदावर हे बरोबर दिसतं. पण दोन जाड झाडं एकमेकांना खेटून उभी असतील तर त्यांची भांडणं वर, पानांमध्ये चाललेली असतात. ती उन्हाळ्यात दिसतच नाहीत. बारीक, दबलेली झाडं तर बहुतेकदा हरलेलीच असतात. ती काढून उरलेल्यांना फारसा उजेड मिळत नाही. मजुरी जाते, परवानगीची खटपट जाते आणि घेर होता तिथेच राहतो.

म्हणून खुणा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भरल्या पानांत करा. आधी ठेवायची झाडं ठरवा: सरळ खोड, शाबूत शेंडा, सगळीकडून भरलेलं छत्र, म्हणजे वरचा फांद्या-पानांचा पसारा. मग प्रत्येकाच्या छत्राला कोण भिडतंय ते मान वर करून शोधा आणि त्यालाच रंग लावा, मग ते कितीही देखणं असो. तोड नंतर, कोरड्या दिवसांत. पुन्हा सांगतो: खूण पानांत, तोड उन्हात. बांधाकडेच्या ओळीवरूनही अंदाज बांधू नका. तिथली झाडं बाजूच्या उजेडामुळे जाड होतात. आत, मधोमध जाऊन बघा.

चांगलं झाड रंगवताना हात थरथरतो. थरथरू द्या. हजारांतली बहुतेक झाडं कधीतरी जाणारच असतात. शेवटच्या तोडीपर्यंत हेक्टरी दोन-तीनशे, म्हणजे एकरी शंभरेक, राहिली तरी पुष्कळ. एखादं झाड चुकलं म्हणून रान बुडत नाही.

रान बुडतं ते ठेकेदारामुळे. "मजुरी नको, निघालेलं लाकूड द्या" म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा. त्याला जाड झाडं हवी असतात. तो तीच नेणार आणि मागे काड्या ठेवणार. मालकाला फुकटचं काम गोड वाटतं, म्हणून तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागेल. घ्या. दुसरा मोह एका दमात सगळं मोकळं करायचा. मुळशीच्या पावसाळी वाऱ्यात दाटीत वाढलेली उंच बारीक झाडं एकदम उघडी पडली की वाकतात, आणि खोडावर जागोजागी कोवळे फुटवे येतात. थोडं काढा, काही वर्षांनी परत या.

शिकायचं असेल तर व्हिडिओंपेक्षा निवृत्त वनरक्षक किंवा जुना वनमजूर गाठा. त्यांच्याबरोबर एक दिवस मान वर करून हिंडण्यात जे मिळतं ते मला कुठल्या कार्यशाळेत मिळालं नाही.

कागदपत्रांत कसूर नको. स्वतःच्या जमिनीवरचा साग तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, लाकूड हलवायला वाहतूक परवाना. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते आधी तपासा. पुणे महापालिकेच्या हद्दीत शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा लागतो आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो.

तोडीनंतर पहिल्या पावसात खुंटांना धुमारे फुटतील. साग सहजासहजी मरत नाही. ते काढायला पुन्हा जावं लागतं. म्हणून मार्किंग, तोड आणि धुमारे अशा तिन्ही फेऱ्यांचे पैसे सुरुवातीलाच लिहून घ्या. तिसऱ्या फेरीचे पैसे मागाहून कुणी देत नाही.