अर्जंटच्या लेनमध्ये एकच चिठ्ठी

रबाळे एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रिक पॅनेलचं वर्कशॉप आहे. माणसं नऊ, प्लॅनिंग माझ्याकडे. पाऊस लागला की कोपरखैरणे, घणसोलीच्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात: पंपाच्या पॅनेलमध्ये पाणी गेलंय, टाकी रिकामी आहे, आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा. वायरमन तिकडे गेला की इकडे नव्या पॅनेलचं काम अर्धवट राहतं. कानबान बोर्ड, म्हणजे कामाच्या चिठ्ठ्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायचा फळा, आम्ही लावला तो यासाठी.

उभे रकाने सोपे असतात. काम ज्या टप्प्यांतून जातं तेच लिहायचे: ड्रॉइंग, फेब्रिकेशन, पावडर कोटिंग, वायरिंग, टेस्टिंग, डिस्पॅच. खरा विचार लागतो तो आडव्या पट्ट्यांना, म्हणजे स्विमलेनना.

मी आधी प्रत्येकाच्या नावाची लेन आखली, आणि ती चूक ठरली. एका वायरमनच्या लेनमध्ये चार चिठ्ठ्या साचल्या होत्या आणि दुसरा शेजारी मोकळा उभा होता. चिठ्ठी आपल्या पट्ट्यात नाही म्हणजे काम आपलं नाही, असं तो धरून चालला. त्यात त्याचा दोष नव्हता, बोर्डच तसं सांगत होता. म्हणून लेन माणसांच्या नाही, कामाच्या प्रकाराच्या करा. नाव चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुरतं.

आता आमच्या लेन चार आहेत. सगळ्यात वर अर्जंट, खाली नव्या ऑर्डरी, मग एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, ठरलेली कामं आणि शेवटी वर्कशॉपची स्वतःची कामं. ही शेवटची लेन मला फार महत्त्वाची वाटते. क्रिम्पिंग टूल दुरुस्तीला द्यायचंय, यासाठी कुठलाच ग्राहक फोन करत नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने राहतं. आणि बिघडलेल्या टूलने ढिला बसलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, पुढे साइटवर तापतो.

प्रत्येक लेनला सगळे रकाने लागत नाहीत. भिजलेल्या पॅनेलला ड्रॉइंग कशाला? त्या चौकोनांवर फुली मारून ठेवा. अर्जंटच्या चिठ्ठीवर मात्र कामाचा क्रम लिहा. आमच्या चिठ्ठीवर असतं: सप्लाय बंद, ब्लोअरने सुकव, टायमर आणि व्हीएफडी सोडव, मग मेगर मार. व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, मेगर म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर. घाईत सोडवायची पायरीच सुटते आणि मेगरच्या व्होल्टेजने चांगला व्हीएफडी जातो.

अर्जंट लेनमध्ये एका वेळी एकच चिठ्ठी. दुसरा फोन आला तर पहिलं काम थांबवायचं की दुसऱ्याला वेळ द्यायची, हे बोर्डासमोर उभं राहून ठरवायचं. ही मर्यादा पाळली नाही तर आठवड्याभरात सगळंच अर्जंट होतं. वायरिंगच्या रकान्यातही सगळ्या लेन मिळून तीनच चिठ्ठ्या, कारण वायरमन दोन आहेत. टोयोटात ताइइची ओहनो यांनी कानबानची पद्धत बसवली तेव्हाही मुद्दा हाच होता: पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही.

मर्यादेचा हिशेब मालकांना पटवायचा असेल तर जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम सांगा. हातात 12 पॅनेल असतील आणि आठवड्याला सरासरी 4 बाहेर पडत असतील, तर एका पॅनेलला सरासरी 3 आठवडे लागणार. तेरावं घेतलं की तारीख अजून लांबते.

पावडर कोटिंग आम्ही बाहेरून करून घेतो. त्या चिठ्ठीवर माल दिल्याची तारीख घाला. तीन दिवस उलटले की आम्ही लाल मॅग्नेट लावतो, म्हणजे फोन कुणी करायचा ते त्याच सकाळी ठरतं.

रोज सव्वानऊला दहा मिनिटं, उभ्यानेच. बोर्ड उजवीकडून वाचायचा, डिस्पॅचपासून मागे. जे संपत आलंय ते आधी बाहेर काढायचं, नवीन नंतर.

लेनच्या रेघा मार्करने मारू नका. आमच्या दोनदा बदलल्या. काळी इन्सुलेशन टेप लावा, हवी तेव्हा निघते. आणि चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांऐवजी जाड कार्ड आणि मॅग्नेट घ्या. जुलैच्या दमट हवेत, पंख्याखाली, त्या चिठ्ठ्या दुपारपर्यंत जमिनीवर असतात.