आईची हजारी, माझे तीनशे

सूक्ष्मजीवाश्मांत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या बारीक जीवाश्मांत, काम करायचं तर काय लागतं, असं निपाणी-चिकोडीकडची पोरं विचारतात, तेव्हा मी आधी आईचं सांगते. आई विड्या वळायची. मजुरी हजारावर. सैल वळलेली विडी छाटमध्ये, म्हणजे बाद मालात, जायची, म्हणून नजर सुपावरून हलायची नाही. माझं काम तेच आहे, फक्त सुपाच्या जागी सूक्ष्मदर्शक.

फोरॅमिनिफेरा, म्हणजे आमच्या भाषेत नुसते फोरॅम, हे समुद्रातले एकपेशीय जीव. बहुतेकांचं कवच चुन्याचं, रव्याच्या कणाएवढं नाहीतर त्याहून बारीक. पाण्यात तरंगणाऱ्या जाती भराभर समुद्रभर पसरल्या आणि भराभर संपल्याही, म्हणून थराचं वय त्यांच्यावरून काढतात. किनाऱ्याजवळच्या थरांत त्याच कमी सापडतात, ही खरी पंचाईत. तिथं तळाशी राहणाऱ्यांवर भिस्त. त्यातलाच कच्छमधला नुमुलाइट्स नाण्यासारखा चपटा असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा पातळ काप करून आतल्या खोल्या बघायच्या.

आपल्या भागात शोधत फिरू नका. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तो एवढा जुना, की तेव्हा कवचवाले फोरॅम नव्हतेच. निपाणीचा काळा दगड तर लाव्हा. पण गंमत बघा, राजमुंद्रीजवळ अशाच लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्री गाळ सापडला, आणि त्यात डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातले, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे फोरॅम. भूवैज्ञानिक गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरून खालच्या लाव्हाचा काळ बांधला. हे वाचलं त्या दिवशी घरामागचा दगड मला पहिल्यांदा नीट दिसला.

प्रयोगशाळेत पहिले सहा महिने मी फक्त धूतच होते. गाळाचा नमुना भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचा, वाळवायचा. मग तीन शून्य नंबरच्या ब्रशचं टोक ओलं करून एकेक कवच उचलायचं आणि डिंक लावलेल्या चौकटीच्या स्लाइडवर ठेवायचं. एका नमुन्यातून साधारण तीनशे. दुपारी जेवून बसलं की डोळे मिटायला लागतात, आणि एक शिंक आली की अख्खी ओळ उडते.

एक चूक सांगते. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळण मिथिलिन ब्लूमध्ये बुडवायची असते. जाळीत आधीच्या नमुन्याचं काही अडकलं असेल तर ते निळं होतं आणि पुढं उचलताना लगेच ओळखू येतं. कंटाळा आला म्हणून एकदा मी ते टाळलं. कावेरी खोऱ्यातल्या पॅलिओसीन, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातल्या, नमुन्यात ग्लोबोट्रंकाना हा फोरॅम निघाला, जो त्याआधीच्या क्रिटेशस काळाच्या शेवटीच संपला. जुना खडक झिजून कवचं नव्या गाळात आली असणार, असं म्हणत मी आठवडाभर पानंच्या पानं लिहिली. असं खरंच घडतं, म्हणून तर फसले. मॅडमनी पानं वाचली आणि एवढंच विचारलं, ‘‘चाळण बुडवली होतीस?’’ उरलेला नमुना परत धुतला. ग्लोबोट्रंकाना एकही नाही.

तेल कंपनीत गेलात तर आणखी एक ध्यानात ठेवा. तेलविहीर खणताना वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात वरचे तुकडे खाली पडून मिसळतात. म्हणून तिथं जात खाली कुठं सुरू झाली यापेक्षा वर कुठं संपली, यावर जास्त विश्वास.

वाट साधी आहे. बी.एस्सी.ला भूविज्ञान घ्या, मग एम.एस्सी.ला धारवाड नाहीतर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी. पुढं नेट, गेट, किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची परीक्षा. संशोधनाला लखनौची बिरबल साहनी संस्था, नाहीतर आपल्याला जवळची गोव्यातली दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था. जागा थोड्या निघतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि ब्रश स्वतःचा घ्या. कुणाला उसना देऊ नका, टोक एकदा फाटलं की गेला.