मधपेटी पाळताना या चुका टाळा: आधी दिवस मोजायला शिका

परसात मधपेटी आली की पहिले काही दिवस माणूस दुसऱ्या कशातच नसतो. सकाळी उठल्या उठल्या पेटीपुढे जाऊन बसायचं, मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या-केशरी गोळ्या घेऊन उतरणाऱ्या माश्या बघायच्या. मग हात शिवशिवायला लागतात. आत काय चाललंय ते एकदा बघू या. बहुतेक चुका या ‘एकदा’पासूनच सुरू होतात.

नव्या मधपाळांच्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या असतात. राणी दिसत नाही, निम्म्या माश्या उडून गेल्या, माश्या अचानक चावऱ्या झाल्या, बरणीतला मध आंबला. पण थोडं खोदून विचारलं की बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते: दिवस मोजलेले नसतात. मोहोळाचं स्वतःचं पंचांग असतं आणि ते आपल्या उत्सुकतेसाठी पुढेमागे सरकत नाही. अंडं 3 दिवसांनी फुटतं. राणी ज्यात वाढते त्या मेणाच्या कप्प्याचं, म्हणजे राणीच्या घराचं तोंड अंडं घातल्यापासून आठव्या दिवशी बंद होतं आणि सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. कामकरी माशीला 21 दिवस लागतात, नराला 24. हे आकडे युरोपीय मधमाशीचे. आपल्याकडच्या सातेरी माशीचे किंचित कमी. माझ्या पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने खडूने लिहिलेलं आहे: 3, 8, 16, 21, 24. झाकण उचललं की आधी ते दिसतं.

राणी नाही असं समजून नवी राणी आणणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

पेटीतून थवा निघून गेला होता, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन नवं घर करायला गेली होती. दोन आठवड्यांनी पोळ्याच्या लाकडी चौकटी तपासल्या तर एक अंडं नाही, एक अळी नाही, थोडीशी झाकलेली पिल्लं तेवढी उरलेली. राणी मेली, मोहोळ संपणार, या भीतीने मी नवी राणी मिळवली आणि पिंजऱ्यात घालून चौकटींच्या मधे ठेवली. माश्या पिंजऱ्याला अशा चिकटल्या की बोटाने बाजूला होईनात. स्वागत करणाऱ्या माश्या बोटाने सहज सरकतात. मला तेव्हा तो फरक कळला नाही. चौथ्या दिवशी राणी पिंजऱ्यात मरून पडली होती आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मधल्या चौकटीत, प्रत्येक घराच्या तळाशी एकेक, अंडी दिसली. मोहोळात राणी होतीच. तिचे दिवस भरायचे बाकी होते.

हिशोब असा आहे. जुनी राणी थवा घेऊन निघते ती साधारणपणे पहिल्या राणीघराचं तोंड बंद होतं तेव्हा, म्हणजे आठव्या दिवशी. नवी राणी बाहेर यायला आणखी 8 दिवस. मग तिचं अंग भरायला पाच-सहा दिवस, हवा चांगली असेल तर मीलनाची उड्डाणं, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पहिली अंडी. थवा गेल्यापासून अंडी दिसेपर्यंत तीन आठवडे सहज जातात, पावसाळी हवा असेल तर त्याहून जास्त. या काळात ती कुमारी राणी बारीक, चपळ असते. चौकट उचलली की क्षणात दुसऱ्या बाजूला जाते. ती दिसत नाही यात नवल काहीच नाही.

शंका असेल तर माश्यांनाच विचारावं. दुसऱ्या पेटीतली ताजी अंडी असलेली एक चौकट, तिच्यावरच्या माश्या झटकून, या पेटीत ठेवा. तीन-चार दिवसांनी बघा. तिच्यावर राणीघरं बांधायला घेतली असतील तर राणी खरोखरच नाही. नसतील, तर राणी आहे. झाकण लावा आणि थांबा. सुरुवात दोन पेट्यांनी करा असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो ते याचसाठी. एकट्या पेटीला अडचणीत उसनं अंडं मिळायला जागा नसते.

थांबायचं म्हणजे महिनोन्‌महिने दुर्लक्ष करायचं असं मात्र नाही. पिल्लांशिवाय मोहोळ तीन-चार आठवडे राहिलं की काही कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. त्यांचं मीलन झालेलं नसल्याने त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. ओळखायची खूण स्पष्ट आहे: एकाच घरात तीन-चार अंडी, आणि तीही तळाशी न राहता भिंतींना चिकटलेली, कारण कामकरीचं पोट तळापर्यंत पोहोचत नाही. पुढे त्या घरांची झाकणं गोळीसारखी फुगून वर येतात. नवखी राणीसुद्धा पहिले काही दिवस एका घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशीच असतात. कामकरी अंडी घालत असतील तर दर आठवड्याला एक अशी तीन आठवडे अंड्या-अळ्यांची चौकट देत राहिलात की त्यांची ही प्रवृत्ती दबते आणि माश्या स्वतः राणी वाढवायला घेतात.

आणि अंडी दिसतच नाहीत असं म्हणणाऱ्यांसाठी: सूर्याकडे पाठ करा, चौकट छातीशी धरून थोडी तिरपी करा, ऊन खांद्यावरून थेट घराच्या तळाशी पडू द्या. दीड मिलिमीटरची पांढरी काडी दिसेल. पहिल्या दिवशी ती उभी असते, मग हळूहळू कलते, तिसऱ्या दिवशी आडवी होते. एवढं दिसायला लागलं की राणी शोधण्याची गरजच पडत नाही. उभं अंडं म्हणजे कालपर्यंत राणी इथे होती.

राणीघरं खुडून थवा थांबतो असं मानणं

चौकटीच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबणारी राणीघरं दिसली की नवा माणूस घाबरून सगळी खुडून टाकतो. एखादं नजरेतून सुटतं आणि थवा जातोच. किंवा त्याहून वाईट: थवा आधीच गेलेला असतो, आणि आपण मागे राहिलेल्या मोहोळाची शेवटची आशा खुडून टाकतो. म्हणून आधी अंडी बघा. उभी अंडी असतील तर जुनी राणी बहुधा आतच आहे. तिला माश्यांनी भरलेल्या दोन-तीन चौकटींसह नव्या पेटीत हलवा, मधाची एक चौकट सोबत द्या, आणि मूळ पेटीत एक-दोन चांगली राणीघरं राहू द्या. थवा काढण्याची त्यांची इच्छा तुम्ही स्वतःच पुरी केलीत. शिवाय आता पेट्या दोन झाल्या.

रिकाम्या राणीवाट्या, म्हणजे राणीघरांची नुसती सुरुवात, बघून घाबरू नका, त्या बऱ्याचदा नुसत्याच बांधून ठेवलेल्या असतात. वाटीत अंडं किंवा दुधाळ खाद्यात पोहणारी अळी असेल तरच हालचाल करा. थव्यांच्या हंगामात तपासणी दर सात दिवसांनी का, याचं उत्तर पुन्हा त्या खडूच्या आकड्यांत आहे: आठव्या दिवशी घर बंद होतं.

बाकीच्या वेळी पेटी सारखी उघडणं

पिल्लांच्या भागात माश्या 34-35 अंश तापमान राखतात. झाकण उघडलं की ती ऊब जाते आणि पुन्हा आणायला त्यांना मध जाळावा लागतो. थंड, वाऱ्याच्या दिवशी उघडी ठेवलेली पिल्लांची चौकट तर सरळ दगावते. थव्यांचा हंगाम सोडला तर दोन-तीन आठवड्यांतून एक तपासणी पुरे.

मधल्या दिवसांत दारापाशी बसा. दार बरंच काही सांगतं. परागाच्या गोळ्या भरभरून आत जातायत म्हणजे आत बहुधा पिल्लं आहेत. उकाड्याच्या संध्याकाळी माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबतात, त्या हवा खात असतात. दुपारी पाऊणशे-शंभर माश्या पेटीकडे तोंड करून हवेत डुलतायत आणि वीस मिनिटांत सगळं शांत होतं, तर त्या तरुण माश्या घराची ओळख पटवून घेतायत. नवे मधपाळ याला हमखास थवा किंवा चोरी (दुसऱ्या मोहोळाच्या माश्यांनी मध लुटणं) समजतात.

खरी चोरी वेगळी दिसते. दारात कुस्ती चाललेली असते, केस गळून काळ्या तुकतुकीत झालेल्या माश्या फटींमधून शिरायला बघतात, आणि संध्याकाळ झाली तरी गर्दी ओसरत नाही. असं दिसलं की दार एक-दोन माश्या जातील एवढंच ठेवा आणि बाकीच्या फटी बुजवा. कारण बहुतेक वेळा आपणच असतो: फुलं नसलेल्या काळात पेटी बराच वेळ उघडी ठेवलेली असते, किंवा साखरेचा पाक बाहेर सांडलेला असतो.

जागा, खाद्य, कीड

पेटी ठेवल्यावर ‘इथे ऊन जास्त येतं’ म्हणून पाच-दहा मीटर हलवू नका. माश्यांनी जागा पाठ केलेली असते. त्या जुन्या ठिकाणी परततात आणि तिथेच घुटमळून मरतात. हलवायचीच तर रोज हातभर, नाहीतर एकदम चार-पाच किलोमीटर लांब नेऊन काही आठवड्यांनी परत आणायची. जवळ पाण्याचं उथळ भांडं, त्यात बसायला खडे, हे पहिल्या दिवसापासून हवं. माश्यांना शेजाऱ्याच्या नळाची सवय एकदा लागली की मोडत नाही.

पेटीत चौकटी पुऱ्या लावा, एकही कमी नको. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हेरलं की माश्या सहा ते नऊ मिलिमीटरची वाट मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट प्रोपोलिसच्या डिंकाने बुजवतात आणि रुंद जागेत पोळं बांधतात. आपली हलत्या चौकटींची पेटी या एका निरीक्षणावर उभी आहे. एक चौकट कमी ठेवलीत तर माश्या झाकणाला पोळं लोंबवतात, आणि पुढच्या तपासणीत ते पिल्लांसकट तुमच्या हातात तुटतं.

खाद्य द्यायचंच तर पांढऱ्या साखरेचा पाक, तोही पेटीच्या आत. विकतचा मध कधीच देऊ नका. त्यातून फाउलब्रूड या पिल्लांच्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात, आणि ते दशकानुदशकं जिवंत राहतात. मधकोठी (पिल्लांच्या कोठीवर ठेवायचा, मध साठवायचा मजला) चढवलेली असताना पाक देणं थांबवा, नाहीतर बरणीत पाकच येईल.

युरोपीय माश्या असतील तर व्हरोआ कीड मोजल्याशिवाय ‘माझ्याकडे नाही’ असं म्हणू नका. ही कीड घर बंद होण्याच्या जरा आधी आत शिरते आणि झाकणाखाली वाढते, म्हणून वरून काही दिसत नाही. पिल्लांच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे साधारण 300 माश्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही याची दोनदा खात्री करा. वर जाळी लावा, पिठीसाखर घालून हलवा, पांढऱ्या कागदावर साखर झटका आणि तांबूस ठिपके मोजा. नऊ म्हणजे शंभराला तीन. एवढी कीड दिसली तर उपचाराला उशीर करू नये. झाकणाखाली न पोहोचणारं औषध एकदाच देऊन थांबलात तर आतली कीड वाचते. 21 आणि 24 दिवसांचं चक्र त्या उपचारात यायला हवं.

डंख

पेटी उघडताना माश्या शांत करायला द्यायचा धूर पांढरा आणि गार असावा. आपल्या मनगटावर सोडून बघा, चटका बसला तर माश्यांनाही बसतो. डंख बसला की काटा कसा काढावा याचा विचार करत बसू नका, नखाने लगेच खरवडा, कारण विषाची पिशवी काटा रुतल्यावरही विष ढकलत राहते. त्या जागी धूर द्या. डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना तिथेच बोलावतो. सूज येणं नेहमीचं आहे. पण ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं, अंगभर पित्त उठणं, चक्कर येणं यातलं काहीही झालं तर थांबू नका, तडक रुग्णालय गाठा; ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच त्यावरचा उपाय आहे.

मध काढण्याची घाई

पहिला मध बरणीत भरण्याचा आनंद मोठा असतो, म्हणूनच इथे हात आवरणं अवघड जातं. फुलातून आणलेला मकरंद पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात आणि पुरेसं आटलं की वर मेणाचं झाकण लावतात. त्याआधी काढलेल्या मधात पाणी जास्त राहतं. ते 20 टक्क्यांच्या वर असेल तर मध आंबतो, काही महिन्यांनी बरणीत फेस येतो. चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर परत ठेवा. कडेची थोडी घरं उघडी असली तरी चालतं, पण बहुतेक चौकट पांढऱ्या झाकणांनी भरलेली हवी. आणि काढायचा तो मधकोठीतला. पिल्लांच्या कोठीतला मध त्यांच्या अडचणीच्या दिवसांचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

बरणीतला मध गोठला म्हणजे भेसळ झाली, हा समज सोडून द्या. ग्लुकोज जास्त असलेला मध गोठणारच. बरणी 40 अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात ठेवली की तो सैल होतो. उकळत्या पाण्यात ठेवलात तर वास आणि चव दोन्ही जातील. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटभरसुद्धा चाटवू नका. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू असू शकतात.

मध काढल्यावर ओल्या चौकटी उन्हात, बाहेर ठेवू नका. चोरीला ते आमंत्रण ठरतं. दिवस मावळल्यावर, माश्या घरात परतल्या की, मधकोठी हलकेच पुन्हा पेटीवर चढवा. रात्री पेटीला कान लावलात तर आतली गुणगुण नेहमीपेक्षा मोठी ऐकू येईल. दोन-तीन दिवसांत प्रत्येक घर चाटून कोरडं झालेलं असतं.