सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द: जोड्या पाठ करत बसू नका

अवघड शब्दांची स्पेलिंगं आपण घोकतोच, त्यामुळे ती सहसा चुकत नाहीत. चुकतात ते देअर, इट्स, प्रिन्सिपल असले रोजचे शब्द. कारण आपण इंग्रजी कानाने शिकतो आणि डोक्यात साठवतो देवनागरीत, आणि देवनागरीत मुख्याध्यापकवाला आणि तत्त्ववाला, दोन्ही प्रिन्सिपल एकच दिसतात, संपला विषय.

आता मी जिथे अडकलो ते सांगतो. जोड्यांच्या याद्या मिळतात ना, डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, त्या मी इमानदारीत पाठ केल्या. आणि गोंधळ वाढला!! दोन्ही शब्द एकत्र पाठ केले की लिहितानाही दोन्ही एकत्रच आठवतात, फक्त कुठला कुठे ते आठवत नाही. म्हणून आधी एकच पक्का करा, तोही वाक्यासकट. स्टेशनरी घ्या. पेपर ई-आर वर संपतो, वह्या-कागदवाल्या स्टेशनरीतही तेच ई-आर आहे, एवढंच काही दिवस वापरा. एका जागी थांबलेली, ए-आर वाली स्टेशनरी तोपर्यंत बघूच नका. खरं तर दोघांचं मूळ एकच, पूर्वी स्टेशनर म्हणजे फिरता नसलेला, एका जागी दुकान मांडून बसणारा विक्रेता.

इट्सची गोष्ट वेगळी. आपल्याला वाटतं वरचा स्वल्पविराम म्हणजे चा-ची-चे, मग ‘त्याचा’ म्हणताना तो हवाच की. नाही. हिज, हर ला देतो का आपण? मग इट्सलाही नाही. जिथे फोडून इट इज किंवा इट हॅज म्हणता येतं तिथेच तो द्यायचा.

शॉर्टकट सांगणाऱ्या सरांवर माझा फारसा विश्वास नाही. ‘ए वाला अफेक्ट क्रियापद, ई वाला इफेक्ट नाम’ हे बहुतेक वेळा चालतं, पण बदल घडवून आणणे या अर्थी ई वालाही क्रियापद होतो, ते कोणी सांगत नाही. तरी घाबरू नका, सुरुवातीला तेवढा नियम पुरतो.

अ‍ॅडव्हाइस मात्र नीट शिका, त्यावर पुढचं बरंच सुटतं. शेवटी स ऐकू आला तर नाम, सी ने लिहायचं, झ आला तर क्रियापद, एस ने. ब्रिटिश पद्धतीत प्रॅक्टिस आणि लायसन्सलाही हेच लागू, फक्त तिथे उच्चार एकच असतो, म्हणून अडलं की त्या जागी मनात अ‍ॅडव्हाइस टाकून बघायचं. अमेरिकन लिहिणार असाल तर प्रॅक्टिस दोन्हीकडे सी आणि लायसन्स दोन्हीकडे एस, त्यामुळे आधी ठरवा कुठलं लिहिताय.

स्पेलचेकच्या भरवशावर अजिबात राहू नका, दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत म्हटल्यावर तो बऱ्याचदा गप्प बसतो. त्यापेक्षा कोणाला तरी डिक्टेशन द्यायला सांगा, पण पूर्ण वाक्यांचं, नुसता देअर ऐकून ‘तिथे’ वाला लिहायचा की ‘त्यांचा’ वाला ते जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यालाही कळणार नाही.