कायद्याचे शब्द पाठ करण्याआधी : यवतमाळकडच्या एका वकिलाचं अनुभवकथन

एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीत गावी आलो तर मामी एक कागद घेऊन ओसरीवर बसलेली. "तू वकिली शिकून राह्यला ना, मंग वाच अन् सांग मले, काय झालं त माह्या वावराचं."

आजोबांच्या वारसान फेरफारात, म्हणजे वारसांची नावं जमिनीच्या दफ्तरी चढवणाऱ्या नोंदीत, मामांच्या मागे तिचं नाव लागलंच नव्हतं, म्हणून तिने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केलं होतं. शेवटी लिहिलं होतं : 'अपील मान्य. आक्षेपित फेरफार रद्द. हितसंबंधितांना संधी देऊन फेरचौकशीसाठी प्रकरण परत.' मी 'मान्य' आणि 'रद्द' एवढंच वाचलं आणि सांगून टाकलं, मामी, तू जिंकली.

महिन्याभराने मंडळ अधिकाऱ्यांची नोटीस आली. मामीने ती देवघरात ठेवून दिली. जिंकलेल्या बाईने पुन्हा कशाला जायचं? तारखेला ती गेली नाही आणि नोंद पुन्हा तिच्या नावाशिवायच मंजूर झाली. 'मला ऐकूनच घेतलं नाही' असं या वेळी म्हणताही येईना, कारण नोटिसीच्या पोचपावतीवर तिचा अंगठा होता. विधवेचा वारसाहक्क स्पष्ट असल्यामुळे शेवटी सातबाऱ्यावर नाव चढलं, पण दुसऱ्या अपिलात आणखी दीड वर्ष गेलं. ती चूक माझी होती. 'परत', म्हणजे खाली पुन्हा चौकशी होणार, हा त्या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मी सोडून दिला होता.

म्हणून कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या, किंवा तलाठी-तहसीलची नोकरी नुकती धरलेल्या आपल्या भागातल्या पोरापोरींना माझं सांगणं आहे : शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नका. हा शब्द आला की कोणी, कोणाकडे, किती दिवसांत काय करायचं असतं, ते लिहा.

अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन हे तीन शब्द घ्या. परीक्षेत तिन्हींची व्याख्या सगळेच लिहितात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्यांची कलमं आहेत २४७, २५७ आणि २५८. अपील म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे मागितलेली दाद. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर ६० दिवस, नाहीतर ९०. हे दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजायचे आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळायचे. म्हणून नकलेचा अर्ज कधी केला आणि नक्कल कधी मिळाली, या दोन्ही तारखा जपून ठेवायला पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा. पुनरीक्षणात वरचा अधिकारी खालचं प्रकरण मागवून ते कायद्याला धरून झालं का ते तपासतो. पुनर्विलोकनात आदेश देणारं कार्यालयच आपला आदेश पुन्हा पाहतं, तेही नवा पुरावा निघाला, उघड चूक दिसली किंवा दुसरं पुरेसं कारण असलं तरच. चुकीच्या दारात अर्ज पडला की अपिलाची मुदत तिकडे सरत राहते. मग विलंब माफीचा अर्ज आणि प्रत्येक दिवसाचा खुलासा.

साध्या वाटणाऱ्या शब्दांनी मला जास्त फसवलं. 'आक्षेपित आदेश' म्हणजे आक्षेपार्ह आदेश नव्हे, ज्याला आव्हान दिलंय तो आदेश. मराठी अधिनियमात 'चौकशी करील' हा नुसता भविष्यकाळ नसतो, ते बंधन असतं. 'चौकशी करता येईल' असेल तर तिथे अधिकाऱ्याला मोकळीक आहे. या एका क्रियापदावर अख्खी प्रकरणं फिरतात, आणि मला ते तिसऱ्या वर्षाला कळलं.

'सकारण आदेश', म्हणजे कारणं दिलेला आदेश, हाही असाच. आदेशात कारण लिहिलेलं नसेल तर ते मागाहून शपथपत्रात घालून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल खटल्यात (१९७८) सांगून ठेवलंय. आदेश हातात आला की मी आधी 'कारण की' शोधतो.

विदर्भातल्यांनी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द तर सोडूच नयेत. आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतो, तिकडचा हा वारसा संहितेत खास विदर्भासाठी आला. गावाची चराई, सरपण, वाट, पाणी, मासेमारी यांचे हक्क या कागदांत सापडतात. पुण्याकडच्या माझ्या वर्गमित्रांनी हे शब्द ऐकलेही नव्हते.

पदवीनंतर वर्षभर मुंबईत जहाजांचे दावे चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे होतो. समुद्र तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तिथे दाव्यात प्रतिवादी म्हणून चक्क जहाजाचं नाव लिहितात. २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याखाली उच्च न्यायालय जहाजाला अटक करतं आणि मालकाने तारण भरलं की सोडतं. 'जनरल ॲव्हरेज' मी वहीत 'सर्वसाधारण सरासरी' असं लिहिलं होतं. सरासरीशी त्याचा काही संबंध नाही. सगळ्यांचा माल आणि जहाज वाचवायला जाणूनबुजून केलेलं नुकसान जहाजमालकासकट सगळ्यांनी आपापल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं, असा त्याचा अर्थ.

मला ते कापसाच्या गाठींवर समजलं. जहाजाच्या पोटात आग लागली. काही गाठी जळाल्या, तर काही आग विझवताना मारलेल्या पाण्याने भिजल्या. जळालेल्या गाठींचं नुकसान ज्याचं त्याचं. भिजलेल्यांचं मात्र सगळ्यांत वाटलं जातं, कारण ते पाणी सगळ्यांसाठी मारलं होतं. जिनिंगच्या आवारात १७० किलोच्या गाठी रचलेल्या लहानपणापासून पाहिल्या होत्या, त्यामुळे हा फरक पुन्हा पाठ करावा लागला नाही.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ असू द्या, पण त्यात शब्द पाहिल्यावर तोच शब्द एखाद्या खऱ्या आदेशात शोधा. तहसीलच्या नकला आपल्या घराघरांत पत्र्याच्या पेटीत पडलेल्या असतात. आजीला विचारा, काढून देईल.