थोडीच लाल वाइन करताय? बरणीपासून लेबलपर्यंत या चुका टाळा

पाच लिटरची काचेची बरणी, आत चार लिटर वाइन. बूच घट्ट, एअरलॉकमध्ये (आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा अडवणाऱ्या नळीत) पाणी भरलेलं, स्वच्छतेत कुठे कसर नाही. तीन महिन्यांनी बूच काढलं आणि द्राक्षांचा वास यायच्या आधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणझणीत वास नाकात शिरला. माझी दुसरी खेप अशी गेली. आंबवण्यात काही चुकलं नव्हतं. चूक होती ती वरच्या एक लिटर रिकाम्या जागेत.

मोठ्या टाकीत हजार लिटर वाइनला हवेचा जेवढा स्पर्श होतो, त्याच्या कितीतरी पट स्पर्श लिटरमागे आपल्या बरणीतल्या वाइनला होतो. त्यामुळे मोठ्या वायनरीची रीत जशीच्या तशी छोट्या खेपेला लावता येत नाही. थोड्या वाइनकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

मोकळी जागा

पहिल्या आठवड्यात हवा यीस्टला हवीच असते. जोरात आंबत असताना भांडं कापडाने झाकलेलं असलं तरी चालतं, कारण आतून कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडत असतो. आंबवण मंदावलं की हीच हवा वाइनच्या मुळावर येते. ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू तिच्या जोरावर अल्कोहोलचं व्हिनेगर करतात आणि तो नेलपॉलिशचा वासही त्यांचाच. ‘वर कार्बन डायऑक्साइडचा थर आहे, तो वाइन राखेल’ या समजुतीवर विसंबू नका. वायू एकमेकांत मिसळतात. शिवाय दर वेळी बूच उघडलं की ताजी हवा आत जाते.

उपाय साधा आहे. वाइन बुचाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत भरलेली हवी. पाच लिटर भरत नसेल तर चार लिटरचं भांडं घ्या आणि उरलेली एक लिटरच्या किंवा पाऊण लिटरच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. गाळावरून काढताना, म्हणजे तळाचा गाळ सोडून दुसऱ्या भांड्यात घेताना, दर वेळी थोडी वाइन कमी होते, तेव्हा याच बाटल्या भरपाईला येतात. द्राक्षं घेतानाच हा हिशोब करा: साधारण 1 किलोला 600 ते 650 मिलिलिटर वाइन हाती लागते. भांडी त्या मापाने आधी जमवा. नेलपॉलिशचा वास एकदा पक्का बसला की तो घालवायचा घरगुती इलाज नाही. ती वाइन चांगल्या वाइनमध्ये मिसळून ‘वाचवायला’ जाऊ नका, दोन्ही जातील.

चिमूटभर, अंदाजे, डोळ्यांनी

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे नको ते जंतू रोखणारी सल्फाइटची पावडर, चिमटीने टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. या पावडरीच्या वजनात साधारण 57 टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. रस, गर, साली, बिया मिळून जे मिश्रण होतं ते मस्ट. त्याला लिटरमागे 50 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड द्यायचा तर 10 लिटरला पावडर लागते जेमतेम 0.9 ग्रॅम. माझ्या चिमटीत एकदा 0.4 आलं, एकदा 1.3. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. पावडर घातल्यावर यीस्ट लगेच टाकू नका, 12 ते 24 तास जाऊ द्या.

यीस्ट पाकिटातून थेट ओतण्यापेक्षा पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या कोमट पाण्यात (बहुधा 38 ते 40 अंश) पंधरा-वीस मिनिटं भिजवा. मग त्यात थोडा थोडा मस्ट मिसळून दोन्हींचं तापमान जवळ आणा. फरक 10 अंशांहून जास्त राहिला तर यीस्टला धक्का बसतो. पावाचं यीस्ट यासाठी वापरू नका. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियमची भांडीही नकोत, आम्लाने धातू वाइनमध्ये उतरतो. काच, स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक घ्या. भांडी क्लोरीनच्या ब्लीचने धुऊ नका. क्लोरीन लाकडाशी आणि बुचाशी भिडला की पुढे बुरशीमुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरू शकतो.

सालींचा थर

लाल रंग आणि तुरटपणा सालींत असतो. वायू त्या साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबला नाही तर वरून सुकतो, आत तापतो आणि आंबूस होतो. पहाटे झाकण उचलून हात थरावर ठेवून बघा, खालच्या रसापेक्षा तो स्पष्ट गरम लागतो. तापमान 25 ते 30 अंशांत राखा, 35 च्या वर यीस्ट दमतं. आणखी एक चूक म्हणजे रंग गडद व्हावा म्हणून साली आठवडाभर जास्त ठेवणं. आंबवण मंदावलं की थराला वायूचं पांघरूण राहत नाही. छोट्या खेपेत हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारी तरंगती नळी, साखर संपते तसा आकडा उतरतो) 1.010 ते 1.000 च्या दरम्यान आला की पिळून घ्यावं, असं माझं मत आहे.

मधेच कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बहुतेक वेळा यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. सुरुवातीच्या टप्प्यात यीस्टचं पोषक पाकिटावरच्या मापाने द्या आणि मस्ट जोरात ढवळा. आंबवण संपल्यावर वास आला तर वाइन गाळावरून काढताना एकदाच थोडी उंचावरून पडू द्या.

‘बुडबुडे थांबले, म्हणजे झालं’

एअरलॉकवर विश्वास ठेवून बाटल्या भरू नका. खोली गार झाली तरी बुडबुडे थांबतात आणि नुसती उबदार झाली तरी सुरू होतात. हायड्रोमीटर तीन दिवस एकाच आकड्यावर, साधारण 0.992 ते 0.996 ला स्थिर हवा. मोजण्याआधी नमुना हलवून त्यातला वायू काढा, नळीला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात. आकडा 1.020 ला अडकला असेल तर आंबवण संपलेलं नाही, थांबलेलं आहे. भांडं उबेत न्या, तळाचं यीस्ट हलवा, तरीही हललं नाही तर ताजं यीस्ट थोड्या थोड्या वाइनला सरावून घाला.

दुसरं आंबवण लोक हमखास विसरतात. इनोकॉकस ईनी हे जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यातही वायू निघतो. हे बाटलीत घडलं तर वाइन गढूळ होते, फसफसते, बूच उडू शकतं. हे जिवाणू थंडी आणि सल्फाइट सहन करत नाहीत. छोटं भांडं लवकर गार होतं, म्हणून ते 20 अंशांच्या आसपास ठेवा आणि हे काम संपेपर्यंत सल्फाइट देऊ नका. संपल्यावर मात्र द्या, तेही पीएच बघून (आकडा जितका जास्त, तितकी आम्लता कमी): 3.5 ला जेवढं मोकळं, म्हणजे वाइनमध्ये बांधलं न गेलेलं, सल्फाइट पुरतं, त्याच्या दुप्पट 3.8 ला लागतं.

लेबल: सजावट नंतर, नोंद आधी

लेबलची पहिली चूक पहिल्याच दिवशी होते, हायड्रोमीटरचा सुरुवातीचा आकडा लिहून न ठेवण्याची. सुरुवात 1.092, शेवट 0.994, फरक 0.098. त्याला 131 ने गुणलं की अल्कोहोल साधारण 12.8 टक्के. वही नसेल तर लेबलवरचा आकडा मनाचा होतो. वर्ष लिहायचं ते द्राक्षं तोडल्याचं, बाटली भरल्याचं नाही. सल्फाइट घातलं असेल तर तसं लिहाच, दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. किती वाइन घरी करता येते आणि ती विकता येते का, हे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेही आधी पाहून घ्या.

मराठीत लेबल करणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासावी. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सोय चालू केलेली नसते आणि ‘द्राक्ष’ हा शब्द ‘द् राक् ष’ असा फुटतो. ओळी जवळ आणल्या की रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात, उकार कापले जातात. अक्षरं आउटलाइनमध्ये (फॉन्टऐवजी आकृतीत) बदलूनच फाइल छपाईला द्या आणि पार्श्वभूमी कापायच्या रेषेबाहेर 3 मिलिमीटर जास्त पसरवा. पडद्यावरचा गर्द लाल रंग कागदावर बहुधा विटकरी उतरतो, एक नमुना छापून बघितल्याशिवाय पूर्ण गठ्ठा छापू नका.

आकाराचं म्हणाल तर साध्या कागदाची पट्टी कापून बाटलीवर धरा. 9-10 सेंटिमीटर रुंदीपर्यंतचा मजकूर बाटली न फिरवता वाचता येतो. सरळ अंगाच्या बाटलीवर आयत लेबल सपाट बसतं. उतरत्या खांद्याच्या बाटलीवर सरळ भाग कमी असल्याने उंच लेबलला वर सुरकुत्या पडतात. शॅटो मुताँ रॉथशील्ड ही फ्रान्समधली वायनरी 1945 पासून जवळजवळ दरवर्षी नवं चित्र छापते, पण चित्र वर आणि मजकूर खाली ही मांडणी बहुधा तीच असते. आपणही मांडणी एकदा ठरवून फक्त चित्र आणि वर्ष बदलावं.

इंकजेटची शाई पाण्याने पसरते, लेझर छपाई टिकते. बाटल्या कोरड्या आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच लेबल लावा. सगळ्यांना लावायच्या आधी एकाच बाटलीला लावून ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढून दव धरू द्या आणि अंगठा अक्षरांवरून फिरवून बघा.