शून्य ओळी आल्या आणि मी खूश झालो

लातूरला बीसीए, संभाजीनगरला एमसीए, मग पुण्यात खोली करून चार महिने मुलाखती. प्रत्येक ठिकाणी तेच: डेटाबेसमधल्या डिलीट आणि ट्रंकेट या आज्ञांमधला फरक सांगा. पाठ होतं सगळं, आमच्याकडं पाठांतराला काय तोटा! नोकरी मात्र लागली गावाजवळच्या साखर कारखान्यात. संगणक विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि निवृत्तीला टेकलेले साहेब. डेव्हलपर मीच, डेटाबेस सांभाळणारा डीबीए मीच, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणाराही मीच.

तुम्हाला जॉइन, नॉर्मलायझेशन येत असेल असं धरून चालतो. मला बोलायचंय ते नलबद्दल (NULL), म्हणजे टेबलात किंमतच न भरलेल्या रकान्याबद्दल. क्लासमध्ये यावर दहा मिनिटं खर्च केली होती आणि मला ती फार महागात पडली.

मार्च महिना, गळीत हंगाम संपत आलेला. शेतकी विभागाला गटवार यादी हवी होती: उसाची नोंद आहे, पण ऊस अजून काट्यावर आलेला नाही असे शेतकरी. मी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली. नोंदीच्या टेबलातून असे सभासद काढ, ज्यांचा कोड त्या गटाच्या वजनाच्या टेबलात 'नॉट इन', म्हणजे नाही. तीन-चार गटांच्या याद्या काढून तपासल्या, अगदी बरोबर. एका गटाला शून्य ओळी आल्या. म्हणजे गट संपला! मी खूश, शेतकी अधिकारी माझ्याहून खूश. त्यांनी तिथल्या टोळ्या दुसऱ्या गटात हलवल्या.

आठ दिवसांनी एक म्हातारे शेतकरी दारात उभे. "लेकरा, माझा फड उभाय की. तुझ्या कंप्युटरला दिसंना का?" ऊस वाळत चाललेला. घटणारं वजन त्यांचं होतं, माझा पगार पूर्णच येणार होता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

झालं होतं असं. एका रात्री काट्यावर आलेली चिठ्ठी भिजलेली होती, कोड वाचता येईना. ऑपरेटरनं कोडचा रकाना रिकामा सोडून वजन सेव्ह केलं. "सकाळी भरू." ते राहूनच गेलं. त्या एका ट्रॉलीनं अख्ख्या गटाची यादी पुसली.

कशी, ते कागदावर मांडून बघा, नुसतं वाचू नका. वजनाच्या टेबलात कोड आहेत 101, 205 आणि एक नल. आपला शेतकरी 310. 'नॉट इन' म्हणजे डेटाबेस तीन प्रश्न विचारतो: 310 हा 101 पेक्षा वेगळा आहे का? खरं. 205 पेक्षा? खरं. नलपेक्षा? माहीत नाही. कारण नल म्हणजे शून्य नाही आणि कोरंही नाही. कोड कोणता ते ठाऊक नाही, तो 310 सुद्धा असू शकतो. 'खरं' आणि 'माहीत नाही' यांना 'अँड'नं जोडलं की उरतं 'माहीत नाही'. व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, मात्र फक्त 'खरं' असलेली ओळच पुढं सोडतो. म्हणून कुणीच सुटत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसती कोरी यादी. ओरॅकल घ्या, पोस्टग्रेस घ्या, मायएसक्यूएल घ्या, हेच होणार.

उपाय एका ओळीचा: 'नॉट इन'च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स'. तो प्रत्येक शेतकऱ्यासाठी जुळणारी ओळ शोधतो. नलची ओळ कुणाशीच जुळत नाही, म्हणून कुणाला अडवतही नाही.

याच कुळातल्या बाकीच्या खोड्या: काउंट स्टार, म्हणजे COUNT(*), सगळ्या ओळी मोजतो; काउंटला कॉलमचं नाव दिलं तर तो नल सोडून मोजतो. सरासरीही नल वगळूनच निघते. ओरॅकल तर रिकाम्या स्ट्रिंगलाच, म्हणजे कोऱ्या मजकुराला, नल समजतो.

आमच्या साहेबांचा मंत्र होता, "चालतंय ना, मग हात लावू नको." असा गुरू मिळाला तर ऐकून घ्या आणि टेस्टच्या सर्व्हरवर हात लावाच. पण त्यांनीच मला शिकवलं की ओळी बदलणारा अपडेट चालवण्याआधी तोच व्हेअर लावून नुसत्या ओळी दाखवणारा सिलेक्ट मारायचा आणि ओळी मोजायच्या. हे सोडू नका. बॅकअपचंही तसंच: रिस्टोअर करून पाहिला नसेल तर तुमच्याकडं फक्त फाइल आहे. प्रश्नसंच घोकून सर्टिफिकेट मिळवणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

घाबरू मात्र नका. माझी पहिली दुरुस्तीसुद्धा फसली. कोडच्या कॉलमला 'नॉट नल' लावलं, म्हणजे रकाना रिकामा सोडताच येईना, तर काट्यावरच्या पोरांनी 99999 टाकायला सुरुवात केली. मग फॉरेन की लावली, म्हणजे यादीत नसलेला कोड घेतलाच जाईना, तर रात्री दोनला फोन: "गाडी उभीय, सेव्ह होईना." चूक त्यांची नव्हती. भिजलेली चिठ्ठी ही खरी गोष्ट आहे आणि माझ्या टेबलात तिला जागाच नव्हती. शेवटी बिनकोडच्या ट्रॉल्यांचं वेगळं टेबल केलं. कोड सापडला की ओळ तिथून मूळ टेबलात जाते.

हंगामात रोज सकाळी सातला काट्यावर फोन लावतो. आता ऑपरेटर 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही. "दोन हायेत, लिहा."